नव्वद कड्या

मंगळवारी सकाळी पावणेसात वाजता प्लॅस्टिकच्या छोट्या रणगाड्याच्या डाव्या मडगार्डवर मला एका अंगठ्याचा ठसा दिसला, आणि तो माझा नव्हता. आदल्या दुपारी मी त्याच्यावर राखाडी प्रायमर मारला होता. प्रायमर म्हणजे या छंदातला चुगलखोर. नुसतं हिरवं प्लॅस्टिक असतं तोवर सगळं गोड दिसतं. राखाडी थर चढला की कुठला सांधा नीट बसला नाही, कुठं पॉलिशपेपर कमी पडला, कुठं गोंद ओघळला, सगळं बाहेर येतं. त्यामुळं चुका दिसणार हे मला ठाऊक होतं. स्वतःच्या चुका बघायच्या तयारीनंच मी कपाळाला भिंगांचा चष्मा लावून बाल्कनीतल्या टेबलाशी बसलो होतो. पण ही चूक निराळी होती. हा गोंद वस्तू चिकटवत नाही, तो प्लॅस्टिक विरघळवतो, आणि विरघळलेल्या दोन कडा एकमेकींत मुरून एक होतात. ओल्या गोंदावर बोट टेकलं तर बोटाच्या रेषा प्लॅस्टिकमध्ये उमटतात आणि कायमच्या राहतात. नवशिका माणूस हमखास करतो ही चूक. मीही पहिल्या महिन्यात दोनदा केली. पण माझ्या अंगठ्यावर मधोमध आडवा, रेषा नसलेला, गुळगुळीत डाग नाही. असा अंगठा माझ्या माहितीत एकच आहे, आणि एकतीस वर्षांच्या संसारानंतर तो मी ओळखला नाही तर कोण ओळखणार.

नीलम्मा हुपरीची. तिच्या माहेरी पुढच्या खोलीत चांदीच्या पैंजणांचं काम चालायचं, आणि घरातल्या पोरींचा हात त्यात आपोआप बसायचा. ती बारा वर्षांची असताना तापलेली कडी चिमट्यातून सुटली, तर हिनं ती खाली पडू न देता अंगठ्यानं दाबून धरली. का, तर पडली असती तर पुन्हा जुळवावी लागली असती. हे ती हसत सांगते. लग्न ठरल्यावर पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी तिचा हात खिडकीच्या उजेडात धरून बराच वेळ बघत बसलो होतो. मी भाजल्याची खूण तपासत होतो. तिला वाटलं, नवरा रसिक दिसतोय. तो गैरसमज मी इतकी वर्षं दूर केलेला नाही.

क्षणभर मला बरंही वाटलं. धूळ पुसताना लागला असेल अंगठा, एवढंच. पण धूळ पुसताना प्लॅस्टिकवर ठसा उमटत नाही. गोंद मऊ असतो तो अर्धा-पाऊण तास. म्हणजे मी साडेचारला टेबलावरून उठून संध्याकाळच्या ओपीडीला गेलो की लगेच ती इथं येऊन बसली असणार. मी रणगाडा उलटा केला. पहिल्या आणि दुसऱ्या चाकाच्या मधे जी मोकळी जागा असते, तिच्या आत अर्धा ठसा होता. वरच्या घुमटावर सैनिकांना धरायला जो बारीक गज असतो, त्याच्या बुडाशी आणखी एक. मला भीती वाटली. दुसरा शब्द शोधण्यात अर्थ नाही. समोर नागाळा पार्कातली माणसं नेहमीसारखी फिरायला निघालेली दिसत होती याचा राग आला. कारण हा रणगाडा माझा छंद नव्हता. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. हा रणगाडा माझा दाखला होता. माझा हात अजून स्थिर आहे, याचा. आणि त्याच दाखल्याच्या जोरावर मी साडेनऊ वाजता चार माणसांच्या डोळ्यांत हत्यार घालणार होतो.

मी डोळ्यांचा डॉक्टर आहे. मोतीबिंदू काढतो. बावीस वर्षं मंगळवार आणि शुक्रवार माझे ऑपरेशनचे वार आहेत. गेल्या दिवाळीच्या आसपास एका शुक्रवारी, मायक्रोस्कोपखाली, डाव्या हातातल्या हत्याराचं टोक मला हललेलं दिसलं. तिथं सगळंच दहापट मोठं दिसतं, सगळ्यांचाच हात थोडाफार हलतो, हे मी स्वतः शिकाऊ डॉक्टरांना सांगत आलोय. तेच स्वतःला सांगितलं. पण त्या शुक्रवारी घरी येऊन मी जेवलो नाही, कारण मला अण्णा आठवले. माझे वडील. ते कर्नाटक सीमेवरच्या एका गावात प्राथमिक शाळेत मास्तर होते, आणि मी चौथीत त्यांच्याच वर्गात होतो. ते फळ्यावर सरळ रेघ ओढायला जायचे आणि रेघेला लाटा यायच्या. पोरं पाटीवर तसल्याच लाटा काढून एकमेकांना दाखवायची. मीही काढली एकदा. सगळ्यांच्यात सामील व्हायचं म्हणून काढली, आणि अण्णांनी ती पाटी बघितली. पाटी पुसून परत दिली, बस. नंतर त्यांना भरला कप उचलता येईना, तेव्हा आई अर्धाच कप चहा द्यायची आणि ते बशी न घेता प्यायचे. थरथर घराण्यातून येते. हे पुस्तकात आहे, परीक्षेत मी ते उत्तर लिहिलंय, त्याला गुणही मिळालेत.

त्याच दिवाळीत प्रेरणानं, म्हणजे आमच्या मुलीनं, बंगळुरूहून हे खोकं पाठवलं. बाबा, निवृत्तीनंतर काहीतरी लागेल ना. रशियन बनावटीचा टी-पंचावन्न, पस्तिसात एक आकाराचा. उघडून बघतो तर साखळीची एकेक कडी सुटी. एका बाजूला नव्वद, दुसऱ्या बाजूला नव्वद. तांदळाच्या दाण्याहून थोडी मोठी कडी, डाव्या हातातल्या चिमट्यात धरायची, उजव्या हातानं गोंदाचा ब्रश टेकवायचा आणि शेजारच्या कडीला रेघेत बसवायची. मला त्या दिवशी जो आनंद झाला तो भेटवस्तूचा नव्हता. मला वाटलं, हे बरं झालं, परीक्षा घरी आली. मी नियम केला. सोमवारी आणि गुरुवारी, म्हणजे ऑपरेशनच्या आदल्या दुपारी, जेवण झालं की चार कड्या. दुसऱ्या दिवशी सकाळी भिंगातून बघायचं. चारही सरळ असल्या तर जायचं. एक जरी वाकडी असली तर दवाखान्यातल्या दुसऱ्या डॉक्टर, संयोगिता, यांना फोन करायचा, आजचे पेशंट तुम्ही घ्या म्हणून, आणि तिथून पुढं जे काय असेल त्याला तोंड द्यायचं. मेंदूच्या डॉक्टरकडे जाऊन हात दाखवणं यापेक्षा सोपं होतं. पण तिथं गेलं की कागद होतो, आणि कागद झाला की खरं होतं. दवाखान्याच्या पाटीवर माझं नाव आहे. मला हे असं खरं व्हायला नको होतं.

आणि कड्या सरळ येत गेल्या. गेल्या गुरुवारी शेवटच्या चार बसल्या, म्हणूनच सोमवारी प्रायमर मारला. आता सांगताना लाज वाटते, पण दुपारी टेबलावरून उठताना त्या मला बऱ्याचदा सरळ वाटायच्या नाहीत. एखादी तिरकी, एखादी वर आलेली. मी विषण्ण होऊन ओपीडीला जायचो, रुग्णांवर खेकसायचो. आणि सकाळी बघावं तर एका ओळीत, सुतात. मी याचं कारणही शोधून काढलं होतं, शास्त्रीय. गोंद वाळताना प्लॅस्टिक आकसतं, आकसताना कडी शेजारच्या कडीकडं ओढली जाते, आणि आपोआप रेघेत येते. वा रे शास्त्र. शिकल्यासवरल्या माणसाला स्वतःला फसवायचं असलं की त्याला असली कारणं जागच्या जागी सुचतात. एकदा तर मी संयोगितांना हे प्लॅस्टिक आकसण्याचं प्रकरण चहा पिताना समजावूनही सांगितलं होतं. त्या हो हो म्हणाल्या.

मार्चमध्ये एका शुक्रवारी वारणानगरचे कृष्णात आले होते. कारखान्यातून निवृत्त झालेले, मोठ्या आवाजाचे, गावाकडची शेंगदाण्याची चटणी घेऊन येणारे. त्यांच्या डोळ्यात मोतीबिंदू फोडताना पाठीमागचा पापुद्रा फाटला. शंभरात एखाद्याचा फाटतोच, हे खरं आहे. तुकडे मागं पडले, पुन्हा आत जावं लागलं, पुढं सूज आली, आणि आता त्या डोळ्यानं त्यांना समोर धरलेली बोटं मोजता येतात, त्यापलीकडं काही नाही. त्यांनीच मला धीर दिला होता. तुमचा काय दोष, आमचं नशीबच तसलं, असं माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले होते. त्या शुक्रवारी सकाळच्या चार कड्या मी पुन्हा पुन्हा आठवल्या होत्या. सरळ होत्या. शपथेवर सांगतो, सुतात होत्या. म्हणून मला झोप लागली होती. मार्चपासून आजपर्यंत मला झोप लागत होती ती त्या चार कड्यांच्या जिवावर, आणि त्या मी बसवलेल्याच नव्हत्या.

मी रणगाडा हातात घेऊन स्वयंपाकघरात गेलो. नीलम्मा उप्पीट परतत होती. हे तू केलंस का, असं मी विचारलं, आणि आवाज चढवायचा नाही असं ठरवलेलं असूनही तो चढला. तिनं हात पुसले, चष्मा लावला, मडगार्ड उजेडाकडं धरलं आणि सगळ्यात आधी स्वतःवरच चिडली. ठसा राहिला म्हणून. तिच्या अप्पांनी असलं काम तोंडावर फेकलं असतं म्हणाली. मग तिनं सगळं सांगून टाकलं, काही चोरून ठेवल्यासारखं नाही, सहज, आमटीत मीठ कमी पडलं होतं ते मी घातलं, असं सांगावं तसं. तिला पहिल्यांदा कळलं ते पूजेच्या वेळी. आम्ही सकाळी शेजारी शेजारी बसतो. भस्म लावायचं, चांदीच्या डबीतलं इष्टलिंग काढून डाव्या तळहातावर ठेवायचं आणि त्याच्याकडं एकटक बघायचं. तिनं माझ्या तळहातावर लिंग हललेलं बघितलं होतं. वरून घातलेलं पाणी बोटांच्या फटीतून नाही, हाताच्या काठावरून सांडत होतं. नंतर मी सकाळची घाई सांगून पूजा बंद केली, तेव्हा तिनं ओळखलं की मलाही दिसलं आहे. मी बोललो नाही, म्हणून ती बोलली नाही. मग एका सोमवारी टेबल आवरताना तिला त्या कड्या दिसल्या, दुधाचे दात पडलेल्या पोराच्या तोंडासारख्या. चिमटा तिथंच होता. तिला तो धरायला शिकवावं लागत नाही.

"तुमचं तोंड पडल्यालं मला बघवंना," ती म्हणाली. "म्हटलं, खेळणंच हाय की. सरळ केलं तर कुणाचं काय जातंय."

तेव्हा मी तिला सांगितलं. उभ्या उभ्या, रणगाडा ओट्यावर ठेवून. चार कड्यांचा नियम, सोमवार, गुरुवार, संयोगितांना न केलेले फोन. सांगताना मला ते इतकं पोरकट वाटलं की मधेच थांबावंसं वाटलं, पण थांबलो नाही. तिला वाटत होतं की दवाखान्यात मशीनच सगळं करतं, माणसानं नुसतं धरायचं. हा समज माझ्यामुळंच झालेला, पाव्हण्यारावळ्यांसमोर मीच तसं सांगत आलोय, फुशारकीनं. उप्पीट खाली लागत होतं. तिनं गॅस बंद केला.

"ते वारणानगरचं पावणं," ती म्हणाली. "त्यांचं कवा झालं?"

मार्चात, मी म्हटलं. ती तिथंच, ओट्याला पाठ लावून, खाली फरशीवर बसली. मी तिच्यावर रागवायच्या तयारीनं आलो होतो. सहा महिने माझ्यामागं माझ्या कामाला हात लावायचा, आणि मला कळू द्यायचं नाही, यावर रागवता आलं असतं. पण मी तरी तिला काय कळू दिलं होतं. रागाला टेकायला जागाच सापडेना. ती म्हणाली, आज जाऊ नका. मी म्हटलं, चार जण उपाशी येऊन बसलेत. आणि आंघोळीला गेलो. मला आठवतं, दाढी करताना मी उजवा हात वापरला आणि डावा मागं पाठीवर बांधल्यासारखा ठेवला.

गाडीत मी स्वतःशी वाटाघाटी केल्या. दसरा चौकापर्यंत मी असं ठरवलं होतं की मुख्य काम उजवा हात करतो, डावा नुसता आधाराला, आणि उजव्याला काही झालेलं नाही. व्हीनस कॉर्नरला सिग्नल लागला तेव्हा थरथर कमी करणारी गोळी आठवली, सकाळी घेतली की दुपारपर्यंत हात शांत. पुष्कळ लोक घेतात, सतार वाजवणारेही घेतात. परीख पुलाखाली वाहनं तुंबली होती. तिथं मी आजचे चार करायचे आणि पुढच्या मंगळवारपासून बंद, इथपर्यंत खाली आलो. चारच तर. पण त्यातल्या पहिल्या बयाबाई होत्या, गडमुडशिंगीच्या. त्यांचा डावा डोळा लहानपणी भांगलताना उसाचं पान लागून गेलेला. राहिला होता तो एकच, आणि त्यात पिकलेला मोतीबिंदू. संयोगिता मॅडम करतील असं काउंटरवरच्या मुलीनं त्यांना सांगून बघितलं होतं, पण करीन तर थोरल्या डॉक्टरकडनंच, नाहीतर आंधळी मरीन, असं म्हणून त्या तीन आठवडे माझ्या वारासाठी थांबल्या होत्या. मागचा ट्रकवाला हॉर्न वाजवत होता. स्टिअरिंगवर माझे दोन्ही हात अगदी निश्चल होते, आणि तेवढ्यावरून मला पुन्हा आशा वाटू लागली, हे मी लपवणार नाही.

संयोगिता खाली ओपीडीत होत्या. मी त्यांच्या दारावरून गेलो. आत गेलो असतो तर त्या खुर्चीवरून उठल्या असत्या आणि काय झालं सर म्हणाल्या असत्या, आणि मला सांगावं लागलं असतं. मी जिना चढलो. हात धुतले, नेहमीपेक्षा जास्त वेळ. सिस्टर स्वप्नालीनं गाऊन बांधला, हातमोजे दिले. बयाबाई टेबलावर होत्या, हिरव्या कापडाखाली झाकलेल्या, नुसता एक डोळा उघडा. थेंब घालून तो बधिर केलेला होता. मी बसलो, मायक्रोस्कोप ओढला, आणि तो डोळा माझ्या दोन्ही डोळ्यांत भरला. बुबुळामागं तो दुधी मोतीबिंदू. मी डावा हात पुढं केला, स्वप्नालीनं त्यात हत्यार ठेवलं. डोळ्याला न लावता मी ते वर, उजेडात, नुसतं धरलं. टोक हलत होतं. थोडं नाही. बयाबाईंच्या बुबुळावरून त्याची सावली या काठाहून त्या काठाला जात येत होती, आणि हे नवीन नव्हतं. सहा महिने हे असंच हलत होतं, माझ्या डोळ्यांपुढं, दहापट मोठं होऊन, आणि मी ते बघत होतो आणि बघत नव्हतो. उजवा हात तेवढा पुढं कर, असं कुणीतरी आत म्हणत होतं. एवढं एक कर.

मी हत्यार ट्रेमध्ये ठेवलं. त्याचा आवाज झाला. झालं व्हय, असं बयाबाईंनी विचारलं. मी म्हटलं, नाही आजी, सुरूच केलेलं नाही, आणि मी करणारही नाही, खाली मॅडम आहेत, त्या माझ्यापेक्षा चांगलं करतील. त्या कापडाखालून भांडायला लागल्या. तीन आठवडं थांबले ते काय मॅडमसाठी व्हय, पोरीबाळींच्या हातात माझा डोळा द्यायचा न्हाय मला. मग मला ते म्हणावंच लागलं. आयुष्यात पहिल्यांदा, मोठ्यानं, मास्कमधून.

"माझा हात हलतो, आजी."

मी स्वप्नालीकडं बघितलं. तिच्या डोळ्यांत आश्चर्य नव्हतं. तिनं मान खाली घातली आणि ट्रेमधली हत्यारं उगीचच सरळ करत राहिली. म्हणजे तिलाही ठाऊक होतं. कदाचित खाली संयोगितांनाही, त्या प्लॅस्टिकच्या गोष्टीला हो हो म्हणताना. कापडाखालून बयाबाईंनी विचारलं, आणि आवाज भांडणाचा राहिला नव्हता.

"कवापासनं?"

"दिवाळीपासून."

"माझ्या भणीचा डोळा संक्रांतीला केलासा की तुमी."

मला बहीण आठवेना. तिचं नाव आठवेना, चेहरा आठवेना, डोळा कुठला तोही आठवेना. मी विचारलं, तिला नीट दिसतंय का. विचारल्यावर उत्तर येईपर्यंत जो वेळ गेला तो मी कुणाला सांगू शकणार नाही.

"दिसतंया की. सुईत दोरा ओवतीया," बयाबाई म्हणाल्या. "पर तिला सांगाय पायजे न्हवं?"

होय, मी म्हटलं. तिला सांगायला पाहिजे. सगळ्यांनाच सांगायला पाहिजे. स्वप्नालीनं संयोगितांना वर बोलावलं. मी उठलो, त्यांना माझं स्टूल दिलं, त्यांच्या डोळ्यांत न बघता पेशंटबद्दल जे सांगायचं ते सांगितलं, आणि बाहेर पॅसेजमध्ये येऊन हातमोजे काढले. पहिला फोन वारणानगरला करायचा होता. मोबाइलवर नंबर शोधला, पण अंगठा नावावर टेकेना, खालच्या नावावर जाई, वरच्या नावावर जाई. स्वप्नाली बाहेर आली होती. तिनं मोबाइल माझ्या हातातून घेतला, नंबर लावला आणि माझ्या कानाला धरला. दोनदा रिंग झाली.

"बोला साहेब," कृष्णातांचा तोच मोकळा आवाज आला. "आज कशी काय आठवण काढलासा?"